पदवीच्या पहिल्या वर्षाचे विषय

शाळेच्या वार्षिकासाठीं माजी विद्यार्थिनींनीं कांहीं लिहावें अशी आज्ञा झाली, तेव्हां कशावर लिहावें हा विचार फारसा करावा लागला नाहीं. ज्या प्रश्नानें २०२५ च्या उन्हाळ्यांत आमच्या लालबागच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत जवळजवळ महिनाभर ठाण मांडिलें होतें, तोच प्रश्न आज शाळेच्या बांकांवर बसलेल्या माझ्या धाकट्या बंधुभगिनींच्या घरीं दोन-तीन वर्षांनीं येऊन बसणार आहे. पदवीच्या पहिल्या वर्षीं कोणते विषय घ्यावयाचे, हाच तो प्रश्न. हा लेख विद्यार्थ्यांसाठीं जितका आहे तितकाच त्यांच्या आईबापांसाठींही आहे. कारण विषयाची निवड एका मुलानें किंवा मुलीनें केली, तरी तिचा भार साऱ्या घरानें उचलावयाचा असतो.

आज आपल्यापुढें विषयांचें जें भरलेलें ताट आहे तें नेहमींच असें वाढलेलें नव्हतें, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजीं स्थापन झालें. १८६२ सालीं त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे ते चौघे होत. त्या काळीं विद्यापीठानें अभ्यासक्रम आंखून द्यावा आणि विद्यार्थ्यानें तो निमूटपणें पार पाडावा, अशीच रीत होती. आरंभीं परीक्षांत मराठीला जागा होती. परंतु पुढें थोड्याच वर्षांत पदवीच्या अभ्यासक्रमांतून देशी भाषा वगळण्यांत आल्या आणि त्यांच्या जागीं संस्कृतासारख्या अभिजात भाषा ठेविल्या गेल्या. मराठी मुलाला आपल्याच शहरांतील विद्यापीठांत पदवीसाठीं मराठी घेतां येऊं नये, ही गोष्ट रानड्यांच्या मनाला फार लागली. ते १९०१ सालीं वारले. तोंपर्यंत मराठीला विद्यापीठांत पुन्हां स्थान मिळावें म्हणून त्यांची खटपट चालूच होती. एखादा विषय आपल्या प्रवेशाच्या अर्जांत छापलेला दिसतो, तो तेथें यावा म्हणून कोणी तरी झिजलेला असतो.

आपल्या गिरणगांवाच्या अगदीं जवळचें दुसरें उदाहरण डॉ. भीमराव आंबेडकर यांचें. परळ भागांतील चाळींत राहून त्यांनीं एल्फिन्स्टन महाविद्यालयांतून १९१२ सालीं अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन बी. ए. ची पदवी मिळविली. शाळेंत असतां त्यांना संस्कृत शिकण्याची इच्छा होती. पण जातीच्या अडसरामुळें तो विषय त्यांना घेतां आला नाहीं व फारसी घ्यावी लागली. पुढें १९१३ सालीं ते बडोदें संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें निवडीचें दार उघडें मिळतांच त्यांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. त्यांनीं अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले; इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ घेतले; शिवाय फ्रेंच व जर्मन या भाषांचा एकेक प्राथमिक अभ्यासक्रम पुरा केला. या आंकड्यांत निवडीचा एक उत्तम धडा आहे. एका विषयाची विहीर त्यांनीं खोल खणिली आणि तिच्याभोंवतीं शेतही मोठें राखिलें. एवढें बोलून मी आपल्या काळाकडे वळतें.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालीं आलें, आणि महाराष्ट्रांतील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व इतर महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाची रचना त्याप्रमाणें बदलली. पूर्वीं कला, वाणिज्य किंवा विज्ञान यांपैकीं एक शाखा घेतली म्हणजे बहुतेक सर्व ठरून जात असे. आतां अर्जांत एक मुख्य विषय असतो. त्याच्या जोडीला पुढें गौण विषय येतो. दुसऱ्या विद्याशाखेंतून घ्यावयाचा एक खुला विषय असतो. आणि त्याखेरीज कौशल्याचे अभ्यासक्रम, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली व खेळ किंवा समाजसेवा यांसारखे सहाभ्यासाचे उपक्रम असतात. प्रत्येकास श्रेयांक ठरलेले असतात. व्याख्यानाच्या विषयांत एक श्रेयांक म्हणजे १५ तास. एका सत्रांत असे सुमारें २० ते २२ श्रेयांक मिळवावयाचे. तीन वर्षांत पदवी मिळते; चौथें वर्ष केल्यास ती सन्मानाची होते. नियमांतील अटी पुऱ्या केल्यास एक वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबतांही येतें. महाविद्यालयागणिक यांत थोडाफार फरक असतो. म्हणून शेजारच्या मुलाच्या सांगण्यावर न विसंबतां ज्याच्या त्यानें आपल्या महाविद्यालयाचें माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावें.

दारांची तर आपल्या भागांत वाण नाहीं. लालबागेहून निघून परळमार्गें माटुंग्यापर्यंत चालत गेलें, तर वाटेंत व वाटेच्या आसपास किती विद्यास्थानें लागतात! परळास १८९९ पासून हाफकिन संस्थेचें काम चालूं आहे. १९२६ सालीं सुरू झालेलें केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेलें सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय तेथेंच आहे. दादरास समुद्राच्या बाजूला कीर्ति महाविद्यालय. माटुंग्यास १९३७ सालचें रुइया महाविद्यालय, वाणिज्यासाठीं पोदार महाविद्यालय, रसायन तंत्रज्ञानाची १९३३ सालीं स्थापन झालेली संस्था, आणि १८८७ सालीं भायखळ्यास निघून १९२३ सालीं माटुंग्यास आलेली तंत्रशिक्षणाची जुनी संस्था, जिला आज वीरमाता जिजाबाईंचें नांव आहे. दक्षिणेस वळावें तर गिरगांव चौपाटीसमोर विल्सन महाविद्यालय आणि त्यापलीकडे झेवियर व एल्फिन्स्टन. थोड्या मैलांच्या आंत मनुष्यानें शिकावें असें जवळजवळ सर्व कांहीं आहे. तेव्हां कोणत्या दारांतून आंत जावयाचें, आणि तें आपणच ठरवावयाचें कीं दुसऱ्यानें, एवढीच अडचण उरते.

आतां आमच्या घरचें सांगतें. मी शाळा सोडल्यावर विज्ञान शाखेंतून बारावी झालें. गणित माझ्या आवडीचें. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांशीं माझें वैर नव्हतें, पण विशेष स्नेहही नव्हता. मे महिन्यांत निकाल लागला. गुण असे पडले कीं अभियांत्रिकीचा विचार आपोआप बाजूस राहिला. परंतु विज्ञान, वाणिज्य व कला या तिन्ही शाखांच्या पदवीसाठीं चांगल्या महाविद्यालयांत प्रवेश मिळेल अशी आशा धरण्याइतके ते होते. ज्याचे गुण अगदीं वर किंवा अगदीं खालीं असतात त्याची निवड गुणच करितात. मधल्या विद्यार्थ्याला मात्र स्वतः विचार करावा लागतो. आम्ही अशा मधल्यांतलींच मुलें.

माझे वडील दादरच्या एका कापडाच्या दुकानांत हिशेब लिहितात. त्यांचें मत पहिल्या दिवसापासून ठाम होतें, कीं मुलीनें माहिती तंत्रज्ञानाची पदवी घ्यावी. हें मत कोणाच्या तोंडचें ऐकून बनलेलें नव्हतें. ते दुकानांत लागले तेव्हां तेथें तिघे हिशेबनीस जाड्या वह्या घेऊन बसत. संगणक आला आणि तिघांचे एक झाले. उरलेले एक ते स्वतः, कारण संध्याकाळच्या वर्गाला जाऊन त्यांनीं तें यंत्र शिकून घेतलें होतें. ते म्हणाले, “वही गेली आणि यंत्र आलें हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. तूं वहीच्या बाजूला राहूं नकोस, यंत्राच्या बाजूला राहा.” हा अभ्यासक्रम विनाअनुदानित असल्यामुळें त्याचें शुल्क साध्या पदवीच्या कितीतरी पट होतें. त्यासाठीं पतपेढीतून कर्ज काढावयाची त्यांची तयारी होती. आई घरीं शिवणकाम करिते. तिनेंही आपल्या बांगड्यांचा उल्लेख एकदां सहज बोलावें तसा केला. माझा धाकटा भाऊ आठवींत आहे. तो कांहीं बोलला नाहीं. पण पांच वर्षांनीं त्याची पाळी येईल तेव्हां त्या पतपेढींत आणि त्या बांगड्यांत काय शिल्लक असेल, हा विचार माझ्या मनांतून जाईना.

माझें मन अर्थशास्त्राकडे ओढत होतें. त्याचें कारण पुस्तकांत नव्हतें, आमच्या घरांतच होतें. माझे आजोबा लालबागच्या एका कापडगिरणींत साच्यावर काम करीत. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत उतरले होते. पुढें कित्येक गिरण्या पुन्हां नीट उभ्या राहिल्याच नाहींत. आजोबांनीं त्यानंतर भाजी विकली, रात्रीं पहारा केला, आणि मुलाला शिकविलें. लहानपणापासून मी त्यांना विचारीत आलें आहें, कीं इतक्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या तरी कशा? कोणी संपाला दोष देई, कोणी मालकांना. कोणी म्हणे यंत्रें जुनीं झालीं होतीं आणि मालकांनीं नवीं घेतलीं नाहींत. कोणी म्हणे भिवंडीच्या यंत्रमागांनीं स्वस्त कापड काढून बाजार नेला. कोणी म्हणे गिरणीच्या कापडापेक्षां गिरणीखालची जमीन महाग झाली. प्रत्येक उत्तरांत तथ्य दिसे, आणि प्रत्येक उत्तर अपुरें वाटे. अशा प्रश्नाचीं निरनिराळीं कारणें वेगळीं करून त्यांचें वजन करण्याचें एक शास्त्र आहे, हें मला बारावींत असतां कळलें, आणि तेव्हांपासून तें शिकावें असें वाटूं लागलें.

हें मीं घरांत सांगितलें, तेव्हां वडील थोडा वेळ गप्प राहिले. नंतर जें बोलले त्याची मला कल्पना नव्हती. ते म्हणाले, “शुल्काचा आंकडा पाहून तूं मागें सरत आहेस. बापाची दया येऊन विषय सोडशील, तर उद्यां त्याचें ओझें मला होईल. पैशाचें मी पाहीन.” यावर काय बोलावें तें मला सुचेना. शुल्क कमी आहे ही गोष्ट खरी होती. ती माझ्या मनांत नव्हती असें म्हणणें खोटेपणाचें झालें असतें. पण तेवढ्यासाठीं मी अर्थशास्त्र मागत होतें असेंही नव्हे. आपली आवड ही खरोखर आवड आहे, कीं घरच्या ओढगस्तीनें घेतलेलें तिचें सोंग आहे, हें दुसऱ्याला पटवावयाचें कसें? विशेषतः तो दुसरा जर आपला बाप असेल तर?

त्या रात्रीं आजोबांनीं मला जवळ बसवून घेतलें. अमुक विषय घे असें ते मुळींच म्हणाले नाहींत. त्यांनीं एवढेंच सांगितलें, “साचा मला पुरता येत होता, पोरी. तुटलेला धागा मी अंधारांतसुद्धां जोडीत असें. पण गिरणी बंद झाली आणि त्या येण्याला गिऱ्हाईक राहिलें नाहीं. जें शिकशील तें पुरतें शीक. मात्र आधीं एवढें पाहा, कीं तो कारखाना बंद पडला तर त्यांतलें काय काय बरोबर घेऊन तुला बाहेर पडतां येईल.” नंतर वडिलांकडे पाहून ते हंसून म्हणाले, “साचाही एके काळीं नवाच होता बरें!”

या बोलण्यानें माझ्या हातांत एक कसोटी आली. वडिलांनीं यंत्र बदलतांना पाहिलें होतें, आजोबांनींही तेंच पाहिलें होतें. दोघांचा अनुभव एकच सांगत होता, कीं आज बाजारांत जें चालतें तेंच उद्यां चालेल याची हमी कोणी देऊं शकत नाहीं. मग विषयाचा गाभा कोणता आणि त्यावरचें कवच कोणतें, हें ओळखिलें पाहिजे. संगणकावर आज चालणारी एखादी आज्ञावली हें कवच; पण प्रश्नाचे तुकडे पाडून तो पायरीपायरीनें सोडविण्याची संवय हा गाभा. अर्थशास्त्रांतील या वर्षीचे आंकडे हें कवच. पण आंकड्यांवरून कारण शोधणें, आणि सांपडलेलें कारण दुसऱ्याला समजेल असें लिहून दाखविणें, हा गाभा. गाभा दोन्ही विषयांत आहे. तेव्हां कोणता विषय श्रेष्ठ हा वाद मिटला, आणि कोणत्या विषयाच्या गाभ्याशीं माझें मन टिकेल एवढेंच पाहावयाचें राहिलें.

तें पाहण्याचा मार्ग अगदीं साधा आहे, आणि त्याला पैसाही लागत नाहीं. मीं दोन्ही अभ्यासक्रमांच्या पहिल्या वर्षाची विषयवार यादी विद्यापीठाच्या व महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून उतरून घेतली. ग्रंथालयांत बसून दोन्ही विषयांचें एकेक पाठ्यपुस्तक काढिलें आणि प्रत्येकाला तीन दिवस दिले. मागील परीक्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवून वाचल्या. माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकांतील पहिलीं उदाहरणें मला सुटलीं. तीं सुटल्याचा आनंदही झाला. परंतु पुस्तक मिटल्यावर त्याची आठवण होईना. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मागणी व किंमत यांचें प्रकरण वाचून मी घरीं आलें, आणि यंत्रमागाचें कापड गिरणीच्या कापडापेक्षां किती स्वस्त पडे, हें आजोबांना विचारूं लागलें. पुस्तक मिटल्यावरही जो विषय आपला पाठलाग करितो, तो आपला. ही खूण मला तेव्हां पटली. आमच्या चाळींतील एक ताई पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होत्या. त्यांच्याकडे जाऊन कोणता भाग कठीण जातो, गणित कितपत लागतें, आणि पुढें मुलें काय करितात, हें सर्व विचारून घेतलें. अर्थशास्त्रांत पुढें गेल्यावर गणित व संख्याशास्त्र यांची फार गरज पडते, असें त्यांनीं सांगितलें. विज्ञान शाखेंतील माझीं दोन वर्षें वायां जात नव्हतीं, हें ऐकून मला मोठा धीर आला.

मग मीं एक कागद घेतला आणि मधोमध रेघ ओढून दोन्ही पक्ष लिहून काढिले. डाव्या बाजूला वडिलांचा पक्ष लिहिला; आणि तो लिहितांना माझ्या पक्षापेक्षां थोडा अधिक जोरानें लिहिण्याची काळजी घेतली. त्या पदवीनंतर नोकरी लवकर मिळण्याचा संभव अधिक, ही गोष्ट मीं लपविली नाहीं. उजव्या बाजूला माझा पक्ष, आणि त्याखालीं प्रवेशाच्या अर्जांतील प्रत्येक चौकट मी कशी भरणार तें लिहिलें. मुख्य विषय अर्थशास्त्र. खुला विषय दुसऱ्या विद्याशाखेंतून घ्यावयाचा असल्यामुळें वाणिज्यांतील हिशेबशास्त्राचीं मूलतत्त्वें. कौशल्याच्या अभ्यासक्रमांत संगणकावर आंकड्यांचे तक्ते मांडण्याचें काम. भाषेंत मराठी. सहाभ्यासासाठीं राष्ट्रीय सेवा योजना. गौण विषय निवडण्याची वेळ येईल तेव्हां, मिळाल्यास, संख्याशास्त्र. अगदीं खालीं शुल्काचे दोन आंकडे शेजारीं शेजारीं लिहिले. आणि त्यांतील फरक कोणाच्या दयेसाठीं नसून भावाच्या शिक्षणासाठीं राखावा, अशी विनंती केली.

रविवारीं दुपारीं हा कागद मीं वडिलांना वाचून दाखविला. त्यांनीं तीन प्रश्न विचारिले. तीन वर्षांनीं नोकरी न मिळाली तर? मीं उत्तर दिलें, कीं पहिल्या वर्षापासून हिशेब व तक्ते येत असतील, तर लहानसें काम तरी मिळेल. आणि पदवीधरांना खुल्या असलेल्या स्पर्धापरीक्षांची वाटही आहे. दुसरा प्रश्न, मन पालटलें तर? एका वर्षानंतर मिळविलेले श्रेयांक जमा राहतात, आणि नियमांत बसत असेल तेथें ते पुढें नेतां येतात, असें मीं सांगितलें. तिसरा प्रश्न विचारतांना ते माझ्याकडे न पाहतां कागदाकडे पाहत होते. “तुझ्या वर्गांतल्या मुली दोन वर्षांनीं मोठ्या पगाराच्या गोष्टी बोलतील. तेव्हां वाईट नाहीं ना वाटणार?” मीं म्हटलें, “वाटेल. पण नावडता विषय कर्ज काढून शिकलें, तर त्याहून अधिक काळ वाईट वाटेल.” त्यांनीं कागदाची घडी करून ती आपल्या खिशांत ठेविली. संध्याकाळीं खुला विषय लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवून ते मला म्हणाले, “हिशेबशास्त्र घेतेस आहेस, तें चांगलें. अडलें तर मला विचार.” दुसऱ्या दिवशीं त्यांनीं अर्जावर सही केली. त्यांचें मत पूर्ण बदललें असें मी म्हणत नाहीं; पण माझी निवड विचारपूर्वक केलेली आहे एवढें त्यांना पटलें, आणि मुलीनें बापाकडे तेवढेंच मागावें.

आतां पहिलें वर्ष चालूं आहे. सर्व सुरळीत आहे असें भासविण्यांत अर्थ नाहीं. कित्येक व्याख्यानें इंग्रजींत होतात आणि पहिले दोन महिने शब्दकोश जवळ ठेवूनच बसावें लागलें. कांहीं विषय दोन श्रेयांकांचे, म्हणजे सत्रांत तीस तासांचे. ते हातीं येतात न येतात तोंच संपतात. परंतु दर बुधवारीं हिशेबशास्त्राचीं उदाहरणें वडिलांसमोर मांडून बसतें तेव्हां ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या कीं त्यांच्या चेहऱ्यावर जें समाधान दिसतें, तें त्या तीस तासांच्या हिशेबांत धरलेलें नाहीं.

एका विषयानें जन्माचें भवितव्य ठरतें, अशी धास्तीही कोणीं बाळगूं नये. चिंतामणराव देशमुख १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले आणि संस्कृतासाठीं असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनीं मिळविली; पुढें केंब्रिजला जाऊन त्यांनीं वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला; आणि १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. संस्कृत व वनस्पतिशास्त्र यांतून बँकेकडे सरळ रस्ता जात नाहीं. पण जें घेतलें तें कसून शिकण्याची त्यांची संवय या सर्व वळणांत त्यांच्याबरोबर होती. तसेंच, कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर. त्या पदवीच्या वर्गांत बसल्या तेव्हां त्या पदवीचा स्त्रीला बाजारांत काय उपयोग, हें सांगण्यास पुढें एकही उदाहरण नव्हतें. पुढें कायद्याचें शिक्षण घेऊन त्यांनीं त्या क्षेत्रांत नांव मिळविलें. बाजाराचा भाव पाहूनच प्रत्येकानें विषय घेतला असता, तर कित्येक वाटा कोणीं पाडिल्याच नसत्या.

विद्यार्थिमित्रांनो, माझ्या अनुभवांतून निघालेले चार प्रश्न तुमच्यापुढें ठेवितें. पहिला, या विषयाची पहिल्या वर्षाची यादी व एक प्रश्नपत्रिका तुम्हीं स्वतः वाचली आहे काय? नुसतें नांव ऐकून विषय घेणें म्हणजे पुस्तकाचा पुठ्ठा पाहून त्याचें परीक्षण लिहिण्यासारखें आहे. दुसरा, पुस्तक मिटल्यावर तो विषय तुमच्या मनांत राहतो काय? तिसरा, या निवडीनें पुढचीं कोणतीं दारें बंद होतात? दहावीनंतर गणित सोडतांना हा प्रश्न विशेष विचारावा. कारण गणित सोडणें सोपें असतें, पण पुढें त्याची गरज पडली म्हणजे परत येणें कठीण जातें. आणि चौथा, हा विषय शिकविणारा कारखाना उद्यां बदलला, तर त्यांतून तुम्ही काय बरोबर न्याल? मैत्रिणीनें घेतला म्हणून मीही घेतला, हें उत्तर या चारांपैकीं एकाही प्रश्नाला लागूं पडत नाहीं. मैत्री सुटीच्या तासांत टिकवितां येते. परीक्षेच्या तासांत ज्याचा तोच असतो. आणि शक्ति योग्य जागीं वेंचा. दोन श्रेयांकांच्या विषयावरून रात्रभर जागूं नका, आणि मुख्य विषय मात्र अर्जाच्या खिडकीशीं उभें राहून पांच मिनिटांत ठरवूं नका.

पालकांस चार शब्द सांगण्याचें माझें वय नव्हे. पण त्यांच्याच घरांतील एक मुलगी म्हणून विनंती करितें. तुमची भीति खोटी नाहीं. ज्यांनीं गिरणीचा भोंगा बंद पडलेला ऐकला, ज्यांनीं वहीच्या जागीं यंत्र आलेलें पाहिलें, त्यांना मुलांच्या पोटाची काळजी वाटणारच. परंतु ती भीति आज्ञा म्हणून सांगूं नका. आपली हकीकत म्हणून सांगा. माझ्या आजोबांनीं विषय सुचविला असता, तर मीं तो कदाचित् मानलाही नसता. त्यांनीं आपला अनुभव सांगितला, आणि तो मला जन्मभर पुरेल. मुलांकडून कागदावर दोन्ही बाजू लिहून घ्या, आणि तुमची बाजू तीं प्रामाणिकपणें लिहितात कीं नाहीं तें पाहा. ज्याला दुसऱ्याची बाजू नीट मांडतां येते, त्याला आपली बाजू निवडण्याचा अधिकार द्यावयास हरकत नसावी.

या शाळेंत पाटीवर पहिलें अक्षर काढिलें तेव्हां कोणतें अक्षर काढावयाचें हें बाईंनीं ठरविलें होतें. दहावीपर्यंत विषयही बहुतेक ठरलेलेच होते, आणि तें योग्यच होतें. पाया सर्वांचा एकाच रीतीनें घालावा लागतो. पुढचा मजला मात्र ज्याचा त्यानें बांधावयाचा आहे. मला जी कसोटी मिळाली तिच्या आधारानें मीं एक वीट ठेविली आहे. ती योग्य जागीं बसली कीं नाहीं हें तीन वर्षांनीं, कदाचित् त्याहूनही पुढें, कळेल. तोंवर रोजचा अभ्यास रोज करणें आणि बुधवारचा ताळेबंद जुळविणें एवढें माझ्या हातीं आहे, तें मी करीत आहें. तुम्हांसही आपला विषय लवकर सांपडो, आणि तो सांपडल्यावर त्याचे कष्ट गोड लागोत, हीच इच्छा.